पंचवीस काठ्यांचा बांध

हाब्बो उल्फर्स मला पहिल्यांदा दिसला तेव्हा तो बांधाच्या आतल्या उतारावर पालथा पडून मातीला कान लावून होता. मला वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली. मी मापाची काठी खाली टाकली आणि धावत गेलो.

"काय झालं, बाबा?"

"ओहोटी लागली," तो डोळे मिटूनच म्हणाला. "भरतीत प्यालेलं पाणी बांध आता सोडणार. कुठून सोडतो ते ऐकू येतं."

"येतंय का?"

"तू बोलायचा थांबलास तर येईल."

मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. आमचं घर वरच्या माळावर होतं. तिथे समुद्र म्हणजे फक्त वास. ओल्डरहामच्या बांधमंडळाला माप घेणारा माणूस हवा होता आणि मला भूमिती येत होती, म्हणून मी खाली आलो. बांधाची उंची किती, उतार किती, कुणाच्या हद्दीत किती काठ्या लांबीचा बांध, हे मी वहीत लिहायचो. हाब्बोच्या हद्दीत चौदा काठ्या होत्या. दोन्ही टोकांना लाकडी खुंट, त्यांवर त्याच्या घराची खूण. बदकाच्या पंजासारख्या तीन रेघा.

ओल्डरहाममध्ये ज्याची जेवढी जमीन, तेवढा त्याचा बांध. आपला तुकडा आपण राखायचा. दुसऱ्याच्या तुकड्याला हात लावायचा नाही आणि आपल्याला दुसऱ्याने हात लावायची वाट बघायची नाही. बांध वाट्याला आलेली चाळीस घरं होती, म्हणजे चाळीस तुकडे. समुद्राला मात्र सगळा बांध एकच. त्याला एक तुकडा पुरे.

हाब्बो पाच बांधपंचांपैकी एक होता. वर्षातून तीनदा बांधप्रमुखाबरोबर पाहणीला निघायचा आणि टाचेने माती दाबत चालायचा. त्याने मला बांधाची जुनी वही दाखवली. पहिल्या पानावर लिहिलं होतं की बांधाच्या आत राहणारे आम्ही सगळे एकमेकांना कबूल करतो. खाली सह्या नव्हत्याच, घरांच्या खुणा होत्या. हाब्बोने बदकाच्या पंजावर बोट ठेवलं. "हा माझा पणजा."

आमचा पाद्री विद्यापीठात शिकून आला होता. एकदा प्रार्थनेनंतर तो चर्चच्या दारात सांगत होता की फार पूर्वी माणसं एकेकटी राहायची, एकमेकांना ओरबाडायची, मग भीतीला कंटाळून त्यांनी आपसांत करार केला आणि त्यातून समाज झाला.

"पाद्रीबाबा, ते जंगलातल्या लोकांचं असेल," हाब्बो म्हणाला. "आमच्याकडे आधी एकेकटी माणसं नव्हती."

"मग काय होतं?"

"पाणी होतं."

लोक हसले, पण तो गंमत करत नव्हता. पुढे एकदा काम करताना त्याने मला ते नीट समजावलं. इथे आधी बांध झाला, मग जमीन वर आली, मग घरं, मग चर्च. आणि चांगला माणूस, वाईट माणूस हे सगळ्यांत शेवटी आलं. ज्याचा तुकडा पक्का तो चांगला. बायकोला मारणाऱ्यालाही ओल्डरहामचे लोक वाईट म्हणायचे, पण थोडं थांबून, विचार करून. ज्याच्या तुकड्यावर गवत उडालंय, त्याला लगेच म्हणायचे.

मला हे फार आवडलं होतं. मी ते वहीच्या मागच्या पानावर लिहूनही ठेवलं होतं.

हाब्बोच्या तुकड्याला लागून पूर्वेला वियार्डच्या अकरा काठ्या होत्या. मी आलो त्याच उन्हाळ्यात खाजणातल्या तापाने वियार्डचे दोन मुलगे गेले, पंधरा दिवसांच्या अंतराने. बायको आधीच गेली होती. शरद ऋतूची पाहणी आली तेव्हा त्याचा समुद्राकडचा उतार उघडा होता. आमच्याकडे त्या उतारावर राय धान्याचा पेंढा अंथरतात आणि टोकाला दोन फाटे असलेल्या काठीने टोचून टोचून मातीत बसवतात, गोधडी शिवल्यासारखा. हिवाळाभर लाटा पेंढा खातात आणि माती वाचते. पुढच्या वर्षी पुन्हा नवा पेंढा. ह्याला दोन माणसं तरी लागतात, एक अंथरणारा आणि एक टोचणारा.

पाहणीला प्रत्येकाने हातात फावडं घेऊन आपल्या तुकड्यावर उभं राहायचं आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही, अशी रीत. वियार्ड तसा उभा होता. बांधप्रमुख मेम्मो त्याच्यासमोर थांबला.

"वियार्ड, माझी टाच आत जातेय."

"जातेय."

"उन्हाळ्याच्या पाहणीतही जात होती."

"उन्हाळ्यात मी दोन पोरं पुरली. ती माती मात्र घट्ट बसवली."

"मग आता काय?" मेम्मोने विचारलं. वियार्डने पंचांकडे पाहिलं. "प्रत्येक घराने मला एक दिवस द्यावा. चाळीस घरं. अकरा काठ्या दुपारपर्यंत होतात."

मी मनातल्या मनात हिशेब केला. खरंच दुपारपर्यंत झाल्या असत्या.

"तशी रीत नाही," मेम्मो म्हणाला.

"तुम्ही रीत सांगू नका. तुमची एक काठी नाही बांधावर."

ते खरं होतं. मेम्मोच्या खापरपणजोबाने पहिल्या बांधाला माती दिली होती, म्हणून त्याची जमीन कायमची बांधमुक्त होती. वहीतच तसं लिहिलेलं. मेम्मोने खांदे उडवले आणि पंचांकडे हात केला. दोघे म्हणाले एक दिवस द्यावा, दोघे म्हणाले देऊ नये. राहिला हाब्बो.

हाब्बोने टाचेने ती माती पुन्हा एकदा दाबून बघितली. मग तो म्हणाला, "आज तुला दिला तर पुढच्या वर्षी दहा जण मागतील. ते खोटं मागतील असं नाही, दहाही खरंच अडलेले असतील. मग कुणाचा तुकडा कुणाचा राहणार नाही. मी आपल्या चौदा काठ्यांवर जीव टाकतो, कारण दुसरा कुणी टाकणार नाही हे मला माहीत आहे."

"आणि हे कबूल कुणी केलं होतं?" वियार्ड म्हणाला. "माझ्या पणज्याने. मला कुणी विचारलं?"

"काल तू कोरड्या अंथरुणात झोपलास ना?"

"झोपलो."

"मग काल कबूल केलंस. परवाही केलंस."

"आणि नाही म्हणायचं असेल तर?"

"त्याचीही रीत आहे, शेजाऱ्या," हाब्बो हळू आवाजात म्हणाला.

ती रीत सगळ्यांना ठाऊक होती. वियार्डने हातातलं फावडं उचललं, बांधाच्या माथ्यावर रोवलं आणि पायाने दाबून पात्याच्या वरपर्यंत आत घातलं. आमच्याकडे ज्याला बांध झेपत नाही तो असं करतो. त्या क्षणापासून जमीन, घर, गुरं, दाराची कडीसुद्धा त्याची राहत नाही. अंगावरचे कपडे आणि पाठीवर मावेल तेवढं घेऊन त्याने जायचं. तीन भरत्यांच्या आत जो ते फावडं उपसेल, त्याचं ते सगळं, जमीनही आणि बांधही. कुणीच उपसलं नाही तर दोन्ही बाजूच्या शेजाऱ्यांच्या गळ्यात निम्मं निम्मं पडतं. त्यांनाही नको असेल तर त्यांनी आपापली फावडी रोवावीत.

वियार्डची जमीन सखल होती आणि तिला खाऱ्या पाण्याचा पाझर होता. पहिली भरती आली, गेली. दुसरी आली, गेली. फावड्याजवळून जाताना लोक मुद्दाम दुसरीकडे बघत. तिसऱ्या भरतीचं पाणी चढायला लागलं तेव्हा हाब्बो बांधावर गेला आणि त्याने फावडं उपसलं. मी माथ्यावर माप घेत होतो. वियार्ड पाठीला बोचकं बांधून माळाच्या रस्त्याला लागला होता. तो थांबून बघत राहिला, पण परत आला नाही. त्याचं पुढे काय झालं ते आम्हाला कधी कळलं नाही.

मी हाब्बोबरोबर त्याच्या घरी गेलो. गेस्के, त्याची बायको, चुलीत गोवऱ्या सारत होती. तिला आधीच कळलं होतं. गावात कळायला वेळ लागत नाही.

"किती काठ्या झाल्या?" तिने वळून न बघता विचारलं.

"पंचवीस."

"आणि हात किती?"

हाब्बो बाकावर बसला.

"मोज ना. तू पंच आहेस, तुला मोजता येतं. दोन तुझे, दोन माझे. माझ्या एकाचा सांधा सुजलाय. साडेतीन धर."

"मी त्याला नाही म्हणालो, गेस्के. नाही म्हणून वर ते फावडं तिथेच राहू दिलं असतं, तर कुठल्या तोंडाने पाहणीला गेलो असतो?"

"तोंड तुझं आणि कंबर माझी," ती म्हणाली आणि माझ्यापुढे ताकातल्या जवाच्या पेजेचं भांडं ठेवलं. "तू खा रे. तुझी काही चूक नाही. अजून तरी."

पाच वर्षं त्यांनी पंचवीस काठ्या राखल्या. मी दर हंगामाला माप घ्यायचो, म्हणून मला आकडे माहीत आहेत. पहिल्या वर्षी उंची एका बोटानेही कमी झाली नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. हाब्बो पेंढा टोचायचा, गेस्के अंथरायची, दोघं एकमेकांशी दिवसभर भांडायची आणि दिवस मावळेपर्यंत दोन काठ्या पुऱ्या करायची. त्यांची एकच मुलगी, तालेया, माळावर दिली होती. जावई एकदा मदतीला आला. वाऱ्यात दोन दिवस काम करून त्याने विचारलं, "हे दर वर्षी करायचं?" पुन्हा आला नाही.

तिसऱ्या वर्षी गुरांमध्ये साथ आली. हाब्बोच्या गोठ्यात नऊ जनावरं होती, दोन राहिली. माती ओढायला बैल नाहीत, चुलीला गोवऱ्या नाहीत. मग तो एकचाकी गाडीने माती आणायला लागला. बैलगाडीची एक खेप म्हणजे त्याच्या चौदा खेपा. मी मोजल्या होत्या आणि मोठ्या उत्साहाने त्याला सांगितल्याही होत्या. तो म्हणाला, "बरं झालं सांगितलंस. मी तेराच समजत होतो."

पाचव्या वर्षी, शरदाच्या पाहणीला आठ दिवस राहिले असताना, त्याने मला हाक मारली. वियार्डच्या जुन्या तुकड्याच्या मध्यावर तो गुडघ्यांवर बसला होता. नवा पेंढा छान बसलेला, हात फिरवला तरी कुठे उंचवटा लागत नव्हता.

"काठी घाल इथे," तो म्हणाला आणि त्याने पेंढा दोन बोटांनी बाजूला केला.

मी काठी टेकवली. ती आत गेली. मी थोडा जोर दिला, अजून गेली. अर्धी काठी आत गेल्यावर मी थांबलो. मला पुढे घालायचा धीर झाला नाही. पाणउंदरांनी बांध आतून पोखरला होता.

हे दुरुस्त करायचं तर बांध तिथे कापून उघडायचा, बिळं संपेपर्यंत खणायचं आणि नवी चिकण माती थर देऊन चोपत वर आणायची. माझ्या हिशेबाने एकचाकी गाडीच्या साडेपाचशे खेपा. हाब्बोच्या एकट्याच्या दोन महिन्यांच्या. आणि वादळं तीन आठवड्यांवर होती.

गेस्के जेवण घेऊन आली. तिला एका नजरेत कळलं. राय धान्याची भाकरी आणि डुकराच्या चरबीतल्या वालांचं भांडं तिने खाली ठेवलं, खाली बसून पेंढा होता तसा जागेवर बसवला आणि वरून हाताने थोपटला.

"दिसतंय का?" तिने मला विचारलं.

"नाही."

"झालं तर. हिवाळा निघेल. वसंतात जावयाच्या पाया पडू."

"नाही निघाला तर?" हाब्बो म्हणाला.

"नाही निघाला तर तेव्हा बघू. पाहणीत कोण विचारणार आहे? पंच तूच आहेस."

"म्हणूनच."

"हाब्बो, ऐक माझं. आयुष्यभर तू ह्यांची माती टाचेने दाबत फिरलास. पण पेंढ्याखाली कोण काय लपवतं ते मला विचार. बायका बोलतात. पलीकडच्या आइल्टच्या तुकड्यात मातीच्या जागी जुनं दार पुरलेलं आहे, अख्खं, बिजागऱ्यांसकट."

हाब्बो तिच्याकडे बघतच राहिला. मला वाटतं, ही गोष्ट त्याला खरंच माहीत नव्हती.

"आइल्टच्या?" तो म्हणाला.

"आता ते मनाला लावून घेऊ नकोस. जेव."

त्याने जेवायला सुरुवात केली. नंतर फक्त एवढंच म्हणाला, "मी खरं सांगितलं तर ते येतील. मी स्वतःहून सांगितल्यावर तरी येतील." गेस्के उठली आणि भांडं न घेताच घरी गेली.

पाहणीच्या दिवशी ढगाळ होतं. पंचाचाही तुकडा आला की त्याने पंचांतून बाहेर पडून आपल्या फावड्याशी जाऊन उभं राहायचं, अशी रीत. हाब्बो बाहेर पडला आणि उभा राहिला. मेम्मो, चार पंच आणि वही घेतलेला मी, असे आम्ही समोर. मेम्मोने टाच दाबली, पेंढ्याकडे बघितलं आणि मान डोलावली. तो पुढे निघणार तेवढ्यात हाब्बो बोलला. न विचारता बोललेला तो मी ऐकलेला पहिला माणूस.

"थांबा. इथे पोकळ आहे. वरून दिसत नाही, मी दाखवतो."

त्याने पेंढा काढला आणि मला काठी घालायला सांगितली. काठी गेली. मेम्मोचा चेहरा बदलला. त्यात राग होता, पण बिळांचा नव्हता.

"हे तू नंतर माझ्या कानात सांगायचं होतंस," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"पाहणी आज आहे."

"बरं. मग आता काय?"

"प्रत्येक घराने एक दिवस द्यावा," हाब्बो म्हणाला. "अडतीस घरं आहेत. दीड दिवस लागेल, पण एक दिवस पुरे, उरलेलं मी करीन."

 मग आइल्ट बोलला. त्याची हद्द हाब्बोच्या पूर्वेला लागून होती आणि तोही पंच होता. "हाब्बो, पाच वर्षांपूर्वी ह्याच जागी तू काय म्हणालास ते आम्हाला पाठ आहे."

"मलाही आहे."

"ते चूक होतं का?"

"नाही."

"मग?"

"बरोबर होतं. आजही बरोबर असेल. तरी मागतोय."

आइल्टने टोपी काढली आणि पुन्हा घातली. "मला वाईट वाटतंय, शेजाऱ्या. पण माझ्याच तुकड्याचं अजून पुरं नाही. प्रत्येकाचं तसंच आहे."

आता हाब्बो दाराचं बोलणार, असं मला वाटलं. आइल्टचा तुकडा तिथून वीस पावलांवर होता. हाब्बोने त्या दिशेला एकदा पाहिलं, आणि बोलला नाही. पुढे एकदा मी त्याला ह्याचं कारण विचारलं. तो म्हणाला की दुसऱ्याच्या तुकड्याला हात लावायचा नाही, हे त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं की तोंडसुद्धा उघडेना.

चौघांनी नाही म्हटलं. एकजण नाही म्हणताना रडत होता. हाब्बोने फावडं उचलून माथ्यावर रोवलं.

मी गप्प राहिलो. मला विचारलं नव्हतं, हे खरं. पण हाब्बोही विचारल्याशिवायच बोलला होता.

त्यानंतरचे दीड दिवस मी त्यांच्या घरी होतो. हाब्बो दाराबाहेरच्या बाकावर बसून होता. गेस्के पाठीवर मावेल ते वेगळं काढत होती. पहिल्या भरतीनंतर माणसं यायला लागली. हाब्बो उठून उभा राहिला. पण ती फावड्यासाठी आली नव्हती. जाणाऱ्याचं काही आपल्याकडे राहू नये, म्हणून उसनं नेलेलं परत द्यायला आली होती. कुणी किटली आणली, कुणी विळा, कुणी लोणी घुसळायची रवी. उंबऱ्याशी ठेवायची, दोन शब्द बोलायची आणि जायची.

"चाळणी कधी दिली होती मी हिला?" गेस्के म्हणाली. "अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं मागतेय. आज आठवलं."

"ठेव पिशवीत."

"कशाला? माळावर तालेयाकडे चाळणी नाही? आता दोन झाल्या. चांगली माणसं आहेत आपली, हाब्बो. आपलं एकाकडेही काही बाकी राहिलं नाही."

एक तरुण मात्र खरंच बांधापर्यंत गेला. एका घरचा धाकटा मुलगा, स्वतःची जमीन नसलेला. तो फावड्याभोवती फिरला आणि दांड्यावर हातही ठेवला. मग मला लांबून विचारलं, "साडेपाचशे खेपा ना?" मी हो म्हटलं. खोटं सांगता आलं असतं. तो हात चोळत निघून गेला.

तिसरी भरती आली आणि गेली. गेस्केने दार ओढून घेतलं. कडी त्यांची नव्हती, म्हणून लावली नाही. दोघं माळाच्या रस्त्याने चालायला लागली. ती पुढे, तो मागे. मी थोडं अंतर त्यांच्याबरोबर गेलो.  मग गेस्केने मला परत जा म्हटलं.

पुढचं माझ्या वहीत तारखांनिशी आहे. पंचवीस काठ्यांपैकी साडेबारा आइल्टच्या गळ्यात आल्या, साडेबारा पश्चिमेच्या शेजाऱ्याच्या. चौथ्या दिवशी आइल्टने फावडं रोवलं. त्याचा आणि हाब्बोचा भार त्याच्या पलीकडच्यावर गेला. तो आठ दिवस टिकला. पश्चिमेकडेही तसंच. प्रत्येक फावड्यामागे पुढच्या माणसाचा भार वाढत होता, त्यामुळे दोन फावड्यांमधलं अंतर कमी होत गेलं. रीत करणाऱ्यांनी एक माणूस पडला तर काय करायचं त्याचा विचार केला होता. पडणाऱ्या माणसाने शेजारचाही पाडला तर काय, हे त्यांच्या वहीत नव्हतं. मी ते गणित मांडून मेम्मोला दाखवलं. त्याने कागद नीट वाचला आणि विचारलं, "हे तू कधी मांडलंस?" मी म्हटलं, काल. तो म्हणाला, "पाच वर्षं इथे होतास ना तू?"

नोव्हेंबरातल्या मार्टिनच्या सणापर्यंत माथ्यावर नऊ फावडी उभी होती. नाताळच्या आधीच्या वादळात बांधाला खांड पडली. नेमकी बिळांच्या जागी पडली, असं मला लिहायला आवडलं असतं. पण पाणी ओसरल्यावर मी मापं घेतली, आणि ती पडली होती आइल्टच्या तुकड्यात. घरं उंचवट्यांवर असल्यामुळे माणसं वाचली. शेतांत समुद्र आला आणि मीठ ठेवून गेला.

वसंतात सगळ्या बांधांवर देखरेख करणाऱ्या वरच्या मंडळाने ठरवलं की जुना बांध सोडून द्यायचा. आत अर्ध्या कोसावर नवा, सरळ बांध घालायचा. तो लांबीला एक तृतीयांशाने कमी, म्हणून राखायला सोपा. रेघ मी आखली. कागदावर ती फार सुंदर दिसत होती. मेम्मोचं घर आणि जमीन आत राहिली. चर्च आणि सव्वीस घरं बाहेर.

नव्या बांधाला चहूकडून मजूर आले. त्यांत हाब्बो होता. गेस्के तालेयाकडे राहिली. तिथे बसून खायला त्याला जमेना, म्हणून तो परत आला आणि मजुरांच्या झोपडीत राहून रोजावर एकचाकी गाडी ढकलायला लागला. माझ्याशी तो पहिल्यासारखाच बोलायचा, थोडं कमी.

जूनमध्ये नव्या बांधाच्या कबुलीचा दिवस ठरला. ज्यांची जमीन आत राहिली होती ते सगळे स्वच्छ कपडे घालून माथ्यावर जमले. पाद्रीने नव्या वहीचं पहिलं पान वाचलं. आवाज ऐकू जावा म्हणून मुकादमाने गाड्या थांबवायला सांगितल्या. मजूर उतारावर बसून राहिले. आता खुणांऐवजी सह्या होत्या. त्याला बराच वेळ लागला. मग माणसं घरी गेली आणि गाड्या पुन्हा सुरू झाल्या.

मी हाब्बोच्या गाडीजवळ गेलो आणि मूठभर माती उचलली. ती मुठीत बसेना.

"हाब्बो, ह्यात वाळू आहे."

"निम्मी."

"कधीपासून?"

"सोमवारपासून. मुकादमाने खाण बदलली. ही जवळ पडते."

"आणि तू कुणाला सांगितलं नाहीस?"

त्याने गाडी टेकवली. रागावलेला दिसला नाही. एखादी साधी गोष्ट मला का कळत नाही, असं त्याला वाटलेलं दिसलं.

"आत्ता वर एवढे जण एकमेकांना कबूल झाले. त्यांत मी होतो?"

"नव्हतास."

"मग मी कुणाला सांगायचं?"

"पण हा बांध फुटला तर—"

"माझं घर बाहेर आहे. तिथल्या शेतात आजच गुडघाभर पाणी आहे." त्याने दांडे उचलले. "बाजूला हो जरा. मागचे थांबलेत."

ह्या वेळी मी गप्प बसलो नाही. मी मेम्मोकडे गेलो आणि सगळं सांगितलं, खाणीचं आणि मुकादमाचं. त्याने नीट ऐकून घेतलं. किती काठ्यांत वाळू गेली, विचारलं. मी म्हटलं तीस. उकरून पुन्हा भरायला किती दिवस? मी म्हटलं चाळीस. शरद किती दूर? तेही मी सांगितलं.  मग त्याने मुकादमाला बोलावून तीस काठ्यांवर हातभर चांगली चिकण माती घालायला सांगितलं. वरून.

दुसऱ्या दिवशी त्या कामावर हाब्बोला लावलं होतं, कारण मातीचा थर त्याच्याइतका सफाईने कुणालाच देता येत नव्हता. तो एकेक खेप पसरवायचा, फावड्याच्या पाठीने कडा दाबायचा, पाणी शिंपडून तळव्याने गुळगुळीत करायचा. दुपारी मी माप घ्यायला त्याच्याशेजारी उभा राहिलो. चांगली माती कुठे संपते आणि खाली वाळू कुठे सुरू होते, ते मला दाखवता आलं नसतं.